जहाज केव्हा निघालं, कुठून निघालं?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अरबी समुद्रावर काम करायचं असेल तर आधी जुना डेटा उघडून बसा. त्यावर एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "ताई, या नोंदी इतक्या विस्कळीत का असतात? एका पट्ट्यात फेब्रुवारीतली स्टेशनं दाटीवाटीनं, शेजारी कोरं. आणि भर पावसाळ्यातलं तर फारच थोडं. कुणी नीट आखून केलं नव्हतं का?"

आखून केलं होतं. किंबहुना आखणीचाच परिणाम आहे तो. आपण शोधनिबंध वाचतो तेव्हा नकाशावरचे ठिपके बघतो, पण ते ठिपके जहाजाच्या वेळापत्रकातून आलेत हे कुणी सांगत नाही. मलाही पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ते कुणी शिकवलं नाही, म्हणून हा लेख. इतिहास सांगते, पण त्याआधी थोडं गणित.

संशोधन जहाज साधारण १० नॉटनं चालतं असं धरा, म्हणजे दिवसाला २४० सागरी मैल. तुम्हाला २५ दिवस मिळाले. तुमचा पट्टा बंदरापासून ६०० सागरी मैलांवर आहे, म्हणजे जायला अडीच दिवस, यायला अडीच. उरले २०. खराब हवामान, विंच बिघडणं, कुणी आजारी पडणं यासाठी २ दिवस बाजूला ठेवा. १८ दिवस म्हणजे ४३२ तास. एका स्टेशनवर ३ तास काम (सीटीडी २००० मीटरपर्यंत सोडायचा तर सेकंदाला एक मीटर या वेगानं नुसता खाली जायलाच अर्ध्या तासावर वेळ लागतो, मग वर येताना बाटल्या बंद करत थांबायचं, मग जाळी) आणि दोन स्टेशनांमध्ये ९० सागरी मैल, म्हणजे ९ तास. एकूण १२ तास. ४३२ भागिले १२, बरोबर ३६ स्टेशनं. आता टीममधलं कुणीतरी म्हणतं, "प्रत्येक स्टेशनवर माझं आणखी एक जाळं टाकू या ना, तासभरच लागेल." १३ तास झाले, स्टेशनं उरली ३३. तो तासभर म्हणजे नकाशावरचे तीन ठिपके. जहाजावरची अर्धी भांडणं याच भागाकारावरून होतात.

याच उदाहरणात एक खोडी लपलेली आहे. पहिलं स्टेशन दुपारी १२ला सुरू झालं, तर दुसरं रात्री १२ला, तिसरं पुन्हा दुपारी. प्राणिप्लवक रात्री वर येतात आणि दिवसा खोल जातात हे तुम्ही पहिल्या सेमिस्टरला शिकलात. म्हणजे नकाशावर कमी, जास्त, कमी, जास्त असा सुंदर नक्षीदार आलेख येईल आणि त्यात समुद्राचा काडीचाही संबंध नसेल. ९० मैल आणि ३ तास या दोन आकड्यांनी ती नक्षी काढलेली असेल.

आता इतिहासाकडे वळू.

१९५७ साली अमेरिकेत वूड्स होल इथे स्कॉर या आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक झाली. समुद्र संशोधनात देशोदेशींनी मिळून काम करावं म्हणून ही समिती होती. जगातला सगळ्यात कमी माहितीचा महासागर कोणता, तर हिंदी महासागर, यावर फार वाद नव्हता. अटलांटिकमधून अनेक देशांची जहाजं येत-जात असत. इकडे कुणी मुद्दाम आलं तरच. त्याआधीचं मोठं काम म्हणावं तर १९३३-३४ची जॉन मरे मोहीम, तीही 'मबाहिस' या एका इजिप्शियन जहाजावर. शिवाय इथले वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि त्यांच्यामागे प्रवाहही. वाऱ्याचा समुद्रावर नेमका काय परिणाम होतो हे बघायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. यातून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम ठरली, १९५९ ते १९६५.

पहिला प्रश्न विज्ञानाचा नव्हता. जहाजं कुणी, कुठे, केव्हा न्यायची हा होता. एक मत असं, की महासागरावर चौकटी आखाव्यात, जहाजं वाटून द्यावीत आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीनं, शक्यतो एकाच वेळी मोजावं. कागदावर हे फार छान दिसतं. पण जहाज ज्या देशाचं, त्याचा खर्चही त्याचाच आणि शास्त्रज्ञही त्याचेच. त्यांना आपापले प्रश्न असतात. कुणाला सोमाली प्रवाह हवा, कुणाला समुद्रतळ, कुणाला मासे. "तुम्ही चौकट क्रमांक अमुक घ्या" असं सांगितलं तर ते म्हणतात, मग आमचं जहाज आम्ही घरीच ठेवतो. हेन्री स्टॉमेल हा त्या काळातला फार मोठा समुद्रशास्त्रज्ञ. त्याला ही सगळी कल्पनाच शंकास्पद वाटत होती. त्यानं 'इंडियन ओशन बबल' नावाचं एक अनौपचारिक वार्तापत्र काढलं, त्यात या आखणीवर मोकळेपणानं, चेष्टामस्करीसुद्धा करत चर्चा चालायची. संशोधनाचा इतिहास फक्त शोधनिबंधांत शोधू नका, हे मी तेव्हापासून लक्षात ठेवलंय. असल्या चोपड्यांमध्ये खरी भांडणं सापडतात.

रॉबर्ट स्नायडर यांना समन्वयक नेमलं गेलं आणि त्यांचं काम म्हणजे देशोदेशी फिरून कोण किती दिवस, कोणतं जहाज देणार हे गोळा करणं. त्यांच्या हातात अधिकार नव्हता, नुसती यादी होती. १९६२पासून समन्वयाची जबाबदारी युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाकडे गेली. शेवटी ४०हून जास्त जहाजं आली, पण चौकटी बाजूला राहिल्या. प्रत्येक देशानं आपला मार्ग आपण ठरवला आणि समन्वय म्हणजे एकमेकांना वेळेवर कळवणं, इतकाच अर्थ उरला. मला हे अपयश वाटत नाही. यापेक्षा कडक नियम असते तर निम्मी जहाजं आलीच नसती असं माझं मत आहे. पण किंमत मोजावी लागली, आणि ती आज आपण मोजतोय: ठिपके जहाजांच्या वाटेवर आहेत, प्रश्नाच्या वाटेवर असतीलच असं नाही.

जिथे दोन जहाजांनी खरोखर हातात हात घालून काम केलं, तिथे काय मिळालं ते बघा. १९६४च्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ब्रिटिश 'डिस्कव्हरी' आणि अमेरिकन 'आर्गो' या दोघांनी सोमालियाच्या किनाऱ्यावर मिळून प्रवाह मोजला. भर पावसाळी वाऱ्यात, जेव्हा शहाणा माणूस तिकडे जाणार नाही. जगातल्या सगळ्यात वेगवान प्रवाहांपैकी एकाचं नीट मोजमाप त्यातून झालं. (या 'आर्गो'ची आजच्या आर्गो फ्लोटशी गल्लत करू नका. नाव एकाच ग्रीक कथेतलं आहे, बाकी संबंध नाही.)

या सगळ्यात आपली मुंबई कुठे? बरीच मध्यभागी. कुलाब्याच्या वेधशाळेत १९६३ला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झालं. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज आणि आपले पी. आर. पिशारोटी ही त्यातली दोन मोठी नावं. समुद्रावरच्या जहाजांकडून रेडिओवर येणाऱ्या हवामानाच्या नोंदी तिथे गोळा होत आणि त्यातून अख्ख्या हिंदी महासागरावरचे नकाशे काढले जात. 'अँटन ब्रून' हे अमेरिकन जहाज आधी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची यॉट होतं, नाव 'विल्यम्सबर्ग'. त्याचं संशोधन जहाज करून त्याला एका डॅनिश समुद्रशास्त्रज्ञाचं नाव दिलं आणि मार्च १९६३मध्ये त्याची हिंदी महासागरातली पहिली सफर मुंबईहून निघाली. अशा एकूण ९ सफरी झाल्या. राष्ट्राध्यक्षांची मेजवानीची बोट समुद्रातले किडे-मासे गोळा करायला, हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं.

भारताचं स्वतःचं जहाज होतं 'आयएनएस किस्तना'. नावावर जाऊ नका, ही आपली महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णाच, इंग्रजी स्पेलिंगमधून गेलेली. दुसऱ्या महायुद्धातलं हे लढाऊ जहाज. नौदलानं ते मोहिमेसाठी दिलं, त्यावर प्रयोगशाळा बसवली. भारतीय कार्यक्रमाचे प्रमुख एन. के. पणिक्कर होते. सोबत कोचीनहून 'वरुणा' आणि 'कॉंच' ही छोटी जहाजं. विचार करा, पाणबुड्या शोधायला बांधलेल्या जहाजावर पाण्याचे नमुने घ्यायचे. जहाज नौदलाचं, तेव्हा कधी निघायचं आणि कधी परतायचं हेही नौदलाच्या सोयीनं. शास्त्रज्ञ त्यावर पाहुणे.

समन्वय खरा यशस्वी झाला तो एका जाळ्यामुळे. सगळ्या जहाजांनी एकाच मापाचं प्रमाणित जाळं वापरायचं, २०० मीटरवरून सरळ पृष्ठभागापर्यंत ओढायचं आणि नमुने कोचीनला नव्या हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्रात पाठवायचे, असं ठरलं. जहाजं कुठे जातील यावर एकमत होईना, पण जाळ्यावर झालं. त्यामुळेच वेगवेगळ्या झेंड्यांखाली गोळा केलेले नमुने एका टेबलावर ठेवून मोजता आले. तरीही ती दुपार-रात्रीची खोडी राहिलीच. जहाज स्टेशनवर जेव्हा पोहोचलं तेव्हा जाळं पडलं. पहाटे असेल, भर दुपारी असेल. आणि अरबी समुद्रात तर २०० मीटरखाली ऑक्सिजन जवळपास नसलेला थर आहे, तरी अनेक छोटे मासे दिवसा तिथेच जाऊन बसतात. दुपारच्या जाळ्यात ते येणार नाहीत. म्हणून तुम्ही त्या काळातले प्राणिप्लवकांचे आकडे वापरणार असाल, तर तारखेच्या शेजारी वेळ छापलेली असते ती बघा. पुष्कळ जण ती गाळून टाकतात.

नंतर क्लाउस विर्टकी यांनी १९७१ साली या मोहिमेचा जाडजूड अ‍ॅटलास काढला. अप्रतिम काम आहे, अजूनही वापरतात. पण त्यातला एखाद्या महिन्याचा नकाशा म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकत्र शिवलेली गोधडी आहे. ६०चा तुकडा, शेजारी ६३चा. असं एक वर्ष प्रत्यक्षात कधी झालंच नाही. सरासरी स्थिती हवी असेल तर चालेल, पण "१९६३च्या मोसमी पावसात समुद्र कसा होता" असा प्रश्न त्या नकाशाला विचारता येत नाही.

३१ डिसेंबर १९६५ला मोहीम संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९६६ला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पणिक्कर पहिले संचालक. संस्था गोव्यात आली, पण दहा वर्षं तिला खोल समुद्रात जाणारं स्वतःचं जहाज नव्हतं. 'आयएनएस दर्शक'सारख्या नौदलाच्या जहाजांवर जागा मिळेल तसं काम. १९७६ला 'गवेषणी' आली, तीही मुळात बंदरातला गाळ वाहून नेणारी बार्ज, तिचं संशोधन जहाज केलेलं. याच 'गवेषणी'नं २६ जानेवारी १९८१ला हिंदी महासागराच्या तळातून भारताचे पहिले बहुधात्विक गोळे वर काढले. १९८३ला जर्मनीत बांधलेलं १०० मीटर लांबीचं 'सागर कन्या' आलं, पुढच्या वर्षी मासेमारी संशोधनाचं 'सागर संपदा'. 'सागर कन्या' एका संस्थेचं नव्हतं, देशभरातल्या संस्थांसाठी होतं. म्हणजे भांडण आता देशादेशांत नसून विभागाविभागांत: भूगर्भवाल्यांना शांत समुद्र हवा, हवामानवाल्यांना नेमका खवळलेला, आणि जहाज एकच.

आणखी एक बदल झाला, ज्याकडे विद्यार्थी लक्ष देत नाहीत. साठच्या दशकात परदेशी जहाज आपल्या किनाऱ्याच्या बरंच जवळ येऊन नमुने घेऊ शकत होतं. १९७६च्या कायद्यानंतर २०० सागरी मैलांचा पट्टा आपल्या अखत्यारीत आला. पुढे १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे दुसऱ्या देशाच्या अशा पट्ट्यात संशोधन करायचं तर किमान ६ महिने आधी माहिती देऊन संमती घ्यावी लागते. करार योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की नकाशावर एक न दिसणारी रेघ आली, आणि तिच्या दोन बाजूंना नोंदी घेणारे हात वेगळे झाले.

हे १९९०च्या दशकातल्या जेगॉफ्स या आंतरराष्ट्रीय कार्बन अभ्यासात स्वच्छ दिसतं. अमेरिकेच्या 'थॉमस जी. थॉम्प्सन'नं मस्कतला तळ ठेवून ओमानच्या बाजूनं काम केलं. भारतानं 'सागर कन्या'वरून मध्य आणि पूर्व अरबी समुद्र घेतला: एप्रिल-मे १९९४, फेब्रुवारी-मार्च १९९५, जुलै-ऑगस्ट १९९५ आणि नंतर आणखी काही. या तारखा पुन्हा वाचा. उन्हाळा, हिवाळा, पावसाळा. कुणीतरी टेबलावर बसून ऋतूंप्रमाणे जहाज मागितलं होतं, आणि मिळेपर्यंत चिकाटी धरली होती. पावसाळ्यात समुद्र सुपीक होतो हे माहीत होतं. पण उत्तर अरबी समुद्र थंडीतही सुपीक असतो, आणि तो का, हे मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ला 'नेचर'मध्ये मांडलं: कोरड्या थंड वाऱ्यानं वरचं पाणी गार होऊन जड होतं, बुडतं, आणि खालची पोषकद्रव्यं वर मिसळतात. फेब्रुवारीतलं जहाज नसतं तर हा निबंध नसता. एखाद्या निबंधामागे काय असतं असं विचारलंत तर मी म्हणेन, योग्य महिन्यातले काही आठवडे.

आता किनाऱ्याकडे येऊ, कारण माझा स्वतःचा विषय तिथला आहे आणि मी राहते वसईत.

मोठं जहाज उथळ पाण्यात येत नाही. आर्गो फ्लोट २००० मीटरपर्यंत बुडी मारतात, १० दिवसांनी वर येऊन नोंद पाठवतात. त्यांनी खोल समुद्रातला पावसाळ्याचा दुष्काळ बराच संपवला. पण ते अर्नाळ्यासमोर काय करणार? इथे पाणी उथळ, भरती-ओहोटीतला फरक ५ मीटरपर्यंत, आणि मध्ये डोल जाळ्यांचे खुंट. उरतात छोट्या नौका. त्यांचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे भाड्यानं बोट मिळत नाही. मिळाली तरी त्या लाटांत जाळं सोडणं धोक्याचं. आणि नेमकं पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतं. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की इथल्या उथळ पाण्यातून त्या काळात नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. ज्या महिन्यांत बघायला हवं, त्याच्या तोंडावर बोट बंद.

गोव्यानं यावर काढलेला मार्ग मला सगळ्या मोठ्या मोहिमांपेक्षा जास्त शिकवून गेला. १९९७पासून कांदोळीसमोर, सुमारे २५ मीटर पाण्यात, एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन नोंदी घेतल्या जातात. कधी मच्छीमार ट्रॉलर, कधी किनारी संशोधन नौका, जी मिळेल ती. जागा मात्र तीच. जहाज छोटं, उपकरणं साधी, पण वर्षांमागून वर्षं. पावसाळ्याच्या शेवटी तळाशी ऑक्सिजन संपतो आणि काही वेळा सल्फाइडपर्यंत गोष्ट जाते, हे आणि ते दरवर्षी सारखं नसतं हे अशाच नोंदींतून कळतं. एकदाच आलेलं मोठं जहाज हे सांगू शकत नाही.

पालघरच्या किनाऱ्यावर डोलीवाले कोळी बांधव तर चंद्राच्या वेळापत्रकानं चालतात. उधाणाला प्रवाह जोराचा, तेव्हा डोल लावायची. भांगाला पाणी मंद, तेव्हा जाळी सुकवायची, दुरुस्त करायची. मी नमुने घेण्यासाठी बोट ठरवते तेव्हा साहजिकच भांगाच्या दिवसांत मिळते, कारण उधाणाला ते कामावर असतात. हे लक्षात न घेता वर्षभर नमुने घेतले तर माझ्याकडे फक्त मंद पाण्याची खाडी उरेल. गढूळपणा कमी दिसेल, प्लवक वेगळे दिसतील, आणि मी "वसईचा समुद्र असा आहे" म्हणून प्रबंधात लिहीन. म्हणून यंदा दर महिन्याला एक फेरी उधाणाची मागून घेतलीय. त्या दिवशीचं भाडं जास्त पडतं, कारण बोटमालकाचा धंदा बुडतो, आणि ते बरोबरच आहे. फंडिंगच्या अर्जात "बोट भाडे" या एका ओळीत हा फरक कसा समजवायचा हे एक वेगळंच प्रकरण. पहिल्या वेळी तो खर्च कापून आला होता. दुसऱ्या वेळी भरती-ओहोटीचं कोष्टक जोडलं तेव्हा मंजूर झाला.

जुना डेटा वापरणाऱ्यांसाठी मी काय करते तेवढं सांगते. माझ्या एक्सेलमध्ये स्थान, खोली, तापमान यांच्या आधी पाच रकाने आहेत: जहाजाचं नाव, निघालेलं बंदर, सफरीचे दिवस, स्टेशनची स्थानिक वेळ, आणि चंद्राची तिथी. शेवटचे दोन भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण जुन्या अहवालांत वेळ ग्रीनिचची असते आणि आपल्या घड्याळात आणायला साडेपाच तास मिळवावे लागतात. 'किस्तना'चे अहवाल मिळाले तर सफरीचा आराखडा आणि प्रत्यक्ष मार्ग असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघा. कुठे स्टेशन गाळलंय ते सापडेल, आणि का गाळलं तेही बहुतेक वेळा शेजारच्या एका ओळीत असतं: समुद्र खवळलेला, विंच बंद, परत बोलावणं आलं.